नमुन्याचा आकार आणि यादीबाहेरची माणसे
आरोग्य सर्वेक्षणात नमुना, म्हणजे माहितीसाठी निवडलेल्या लोकांचा गट, मोठा घेतला की दुर्बल घटकांच्या गरजा आपोआप आकड्यांत उतरतील, असे मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. मोठ्या नमुन्याने यादृच्छिक त्रुटी, म्हणजे निवडीतील निव्वळ योगायोगामुळे येणारी चूक, कमी होते. पण बहुतेक आरोग्य सर्वेक्षणांत निवड कुटुंबांच्या यादीतून होत असल्यामुळे वृद्धाश्रमात, तुरुंगात किंवा रस्त्यावर राहणारी माणसे, म्हणजे ज्यांना काळजीची निकड बहुधा अधिक असते तीच, मुळात यादीत नसतात, आणि ही उणीव नमुना कितीही वाढवला तरी भरून निघत नाही.

उत्तर कोण देते, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या वतीने घरातील दुसरे कोणी बोलते, तेव्हा चालण्यातील अडचण बरीचशी नोंदली जाते, पण वेदना आणि नैराश्य निसटू शकतात; आणि हेळसांड करणाराच उत्तर देत असेल, तर ती हेळसांड नोंदली जाणार तरी कशी?

वॉशिंग्टन गटाची, म्हणजे अपंगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाची, ६ प्रश्नांची संक्षिप्त प्रश्नावली अपंगत्वाचे नाव न घेता दैनंदिन क्रियांतील अडचण विचारते, हे तिचे मोठे बळ आहे. मात्र मदत लागते का आणि ती मिळते का, हे तीत विचारलेले नाही; ते प्रश्न स्वतंत्रपणे जोडावे लागतील.