लीला सेठ वाचायच्यात, सुरुवात कुठून करू?

पानगळ_०७:
लॉच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजात मॅडमनी लीला सेठ यांचं नाव घेतलं, देशातल्या पहिल्या महिला न्यायाधीश म्हणे. आत्मचरित्र आधी घेऊ की न्यायावरचे लेख? बेअर अ‍ॅक्ट (नुसती कलमं असलेली कायद्याची पुस्तकं) वाचून डोकं आधीच भणभणलंय, जड असेल तर आत्ताच सांगा.

उंटावरचा_शहाणा:
पहिल्या न्यायाधीश त्या नव्हेत बरं का. तो मान अ‍ॅना चांडींचा, १९३७ ला त्रावणकोरात मुन्सिफ म्हणजे खालच्या कोर्टातल्या जज आणि १९५९ ला केरळ हायकोर्टात. लीला सेठ १९७८ ला दिल्ली हायकोर्टात पहिल्या महिला जज झाल्या आणि १९९१ ला हिमाचलच्या मुख्य न्यायमूर्ती, हायकोर्टाची चीफ बाई होणं हे देशात तेव्हा पहिल्यांदाच.
डोळे झाकून 'ऑन बॅलन्स' घे, तेच त्यांचं आत्मचरित्र. १९५८ ला लंडनच्या बारच्या म्हणजे वकिलीच्या परीक्षेत पहिल्या आल्या, पदरात तान्हं पोर. पुढे कलकत्त्यात सीनियरकडे काम मागायला गेल्या तर ते म्हणे वकिली कसली करतेस, लग्न कर. झालंय. मग मूल होऊ दे. आहे. एकटं मूल बरं नव्हे, दुसरं होऊ दे. दोन आहेत म्हटल्यावर गृहस्थ हरले आणि चेंबरमध्ये घेतलं :)

जुनी_सनद:
मी 'टॉकिंग ऑफ जस्टिस' म्हणेन, न्यायावरच्या लेखांचं पुस्तक. भाषा साधी आहे, निकालपत्रासारखी नाही.
त्या लॉ कमिशनवर असताना २००० साली १७४ वा रिपोर्ट आला, हिंदू एकत्र कुटुंबात मुलीलाही मुलाइतकाच जन्मतः वाटा द्या असा, आणि २००५ ला कायदा बदलला. आपल्याकडे महाराष्ट्रात १९९४ लाच दिला होता पण त्याआधी लग्न झालेल्या मुली बाहेर, म्हणजे अर्धी गंमतच. आणि कायदा आला तरी हक्कसोड, म्हणजे मुलींनी सही करून आपला वाटा सोडणं, थांबलंय का? आमच्या ऑफिसात दर आठवड्याला एखादी आत्या नाहीतर ताई येते, भाऊ चहा सांगतो, पेनाचं टोपण काढून देतो, ही विचारते कुठं करू सही, आणि काय लिहिलंय ते कुणी वाचूनही दाखवत नाही. मी वाचून दाखवते, भाऊ लोकांना आवडत नाही.

पानगळ_०७:
थँक्यू! २०१२ च्या दिल्ली बलात्कार प्रकरणानंतरच्या वर्मा समितीत पण त्याच ना? फाशीचं काय म्हणाल्या होत्या?

उंटावरचा_शहाणा:
हो त्याच, तिघांची समिती होती आणि २९ दिवसांत रिपोर्ट दिला. बलात्काराला फाशी नको म्हणाले, आणि बायकोवरच्या बलात्काराबाबत नवऱ्याला कायद्यात जी सूट आहे ती काढा म्हणाले. सरकारने फाशी घातली (काही प्रकरणांत) आणि सूट ठेवली, ती अजून आहे. मला स्वतःला फाशीबाबत पटलं नव्हतं तेव्हा, आता बरंचसं पटतं.

जुनी_सनद:
कलम ३७७ वरचा, म्हणजे समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलमावरचा लेख पण वाच. डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने ते कलम कायम ठेवलं त्यानंतरचा, जज आणि आई दोन्ही म्हणून लिहिलाय, मोठा मुलगा, लेखक विक्रम सेठ, स्वतः समलैंगिक. २०१८ ला कोर्टाने निकाल फिरवला पण त्या २०१७ लाच गेल्या.

पानगळ_०७:
'ऑन बॅलन्स' मागवलं. सनदताई, तुमचं हक्कसोडचं आईला वाचून दाखवलं तर म्हणाली मामाने घर बांधलं तेव्हा मीही केलीय सही. मला माहीतच नव्हतं.