बालमैत्रिणीला सांगताना

पहिलीपासूनच्या मैत्रिणीवर जीव जडलाय, सांगावं की गप्प बसावं, असा प्रश्न आहे. सांगाच. पण व्हॉट्सॲपवर नको, मित्राकरवी तर मुळीच नको. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या कॅफेंत ओळखीचे चेहरे टेबलागणिक भेटतात, तिथे तिला मोकळेपणी 'नाही' म्हणता येणार नाही. त्यापेक्षा सकाळी सोमेश्वरला गोदाकाठी जा, आणि तिची गाडी तिच्याजवळ असू द्या. नकार देऊन तुमच्याच मागच्या सीटवर बसून घरी यावं लागणं तिच्यासाठी फार अवघड.

बोलणं दोन मिनिटांचं ठेवा: मैत्रीपलीकडचं वाटतंय, उत्तर आज नको, नाही म्हणालीस तरी चालेल. 'इतक्या वर्षांची मैत्री' हे मध्ये आणू नका, त्याचं दडपण येतं. दोन्ही घरांत राबता असतो, म्हणून तिचं उत्तर येईपर्यंत आईलाही सांगू नका. मोठी माणसं परस्पर बोलणी सुरू करतात.

नकार आला तर रोजचे मेसेज थांबवा, ग्रुप मात्र सोडू नका.

होकार आला, पण घरच्यांचा जातीवरून विरोध असेल, तर विशेष विवाह कायदा, १९५४ आहे; त्याखाली नोंदणी पद्धतीनं लग्न करता येतं. अटी अशा: मुलगा २१ आणि मुलगी १८ वर्षं पूर्ण, दोघांपैकी एकाचं जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य, लग्नाच्या नोटिशीनंतर ३० दिवसांची मुदत, तीन साक्षीदार. नोटीस विवाह नोंदणी कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावतात, तेव्हा घरी आधी स्वतः सांगा.