ठाणे किंवा नवी मुंबईत रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणारं कोणी आहे का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

आम्ही नौपाड्यात राहतो. माझे बाबा तरुणपणी वरातीच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. आता फुप्फुसं साथ देत नाहीत, पण ऐकणं सुटलेलं नाही. त्यांची सर्वात लाडकी रेकॉर्ड म्हणजे अमेरिकन जॅझ वादक सनी रॉलिन्स यांची 'सॅक्सोफोन कोलोसस'. १९५६ साली २२ जूनला न्यू जर्सीतल्या स्टुडिओत झालेलं हे रेकॉर्डिंग. फक्त चार वादक: टेनर सॅक्सोफोनवर स्वतः रॉलिन्स, पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर डग वॉटकिन्स, ड्रमवर मॅक्स रोच. (हेच रॉलिन्स पुढे आपल्या पवईच्या आश्रमात राहून गेले, हे बाबा येईल त्याला सांगतात!)

अडचण अशी की प्लेअरवर सूर खालीवर होतो. पट्टा सैल झाला असावा. शिवाय दुसऱ्या बाजूचं शेवटचं 'ब्लू सेव्हन' फाटल्यासारखं ऐकू येतं. अकरा मिनिटांत एकच छोटी सुरावट रॉलिन्स किती तऱ्हांनी उलगडतात, बाबा तेच ऐकायला बसतात आणि नेमकं तिथेच. आतल्या खाचांत आवाज बिघडतो म्हणजे सुई झिजली, की तिचा कोन चुकला?

एका दुकानदाराने न उघडताच "नवीन घ्या" म्हणून परत पाठवलं. बाबांना हाच प्लेअर हवा आहे. पट्टा आणि सुई नीट बसवून देणारा खात्रीचा कारागीर ठाणे, वाशी, नेरूळ, कुठेही असेल तर कृपया सांगा. मी स्वतः घेऊन जाईन.