‘कमांडो आहेत, त्यांना काही होत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

खारा_वारा (धागाकर्ता)

विशाखापट्टणमचा तो व्हिडिओ परत फिरायला लागलाय. 2 जानेवारी 2025, रामकृष्ण बीच, नौदलाच्या प्रात्यक्षिकाची रंगीत तालीम. दोन जवानांच्या पॅराशूटच्या छत्र्या हवेत एकमेकींत अडकतात, दोघं गरगरत खाली येतात आणि किनाऱ्यालगत समुद्रात पडतात. लगेच बाहेर काढलं, दोघंही सुखरूप. छान झालं, देवाची कृपा.

पण त्याखाली एका जुन्या मित्राने जे लिहिलंय त्याने डोकं फिरलं. म्हणे, "घाबरायचं काय त्यात? कमांडो आहेत ते. पाण्यात पडणं म्हणजे त्यांची आंघोळ. सेफ्टी सेफ्टी करणाऱ्यांनी आधी स्वतःचं हेल्मेट घालावं." वर बदामांचा पाऊस. तिथेच लिहिणार होतो, पण उत्तर लांबलं.

अरे बाबा, ते कमांडो होते म्हणून वाचले नाहीत, खाली समुद्र होता म्हणून वाचले. इतक्या खाली छत्र्या गुंतल्या की मुख्य छत्री सोडून राखीव उघडायला उंचीच उरत नाही. उघडलीच तर तीही त्याच गुंत्यात जाण्याची भीती. आपोआप राखीव उघडणारं यंत्र असतं ना, ते खाली येण्याचा वेग मोजतं. अर्धवट फुगलेल्या दोन छत्र्यांखाली माणूस हाडं मोडण्याइतका जोरात येतो, पण त्या यंत्राला जाग येईल इतका नाही. आता त्याच जागेपासून थोडं आत, खुर्च्या मांडल्या होत्या तिकडे हे झालं असतं तर?

आणि हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. शिकागोचा एअर शो, ऑगस्ट 2015. अमेरिकन लष्कराची गोल्डन नाइट्स आणि नौदलाची लीप फ्रॉग्ज या पॅराशूट टीम, म्हणजे या धंद्यातले बाप लोक. रंगीत धूर सोडत वेगवेगळ्या दिशांना फुटण्याच्या करामतीत दोघं धडकले. एकाचा पाय मोडला. दुसरा बेशुद्ध होऊन छत्रीसकट एका उंच इमारतीवर आपटला आणि दुसऱ्या दिवशी गेला. माद्रिदला 12 ऑक्टोबर 2019 ला राष्ट्रीय दिनाच्या संचलनात राजासमोर भलामोठा झेंडा घेऊन उतरणारा जवान सरळ दिव्याच्या खांबावर जाऊन अडकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, राजाने धीर दिला, सगळं गोड झालं. पण रस्ता, खांब, झाडं, दोन्ही बाजूंना माणसं, अशी जागा उतरायला कोणी निवडली? त्या जवानाने नक्कीच नाही.

माझं म्हणणं एवढंच. उडी मारणारा कच्चा नसतो, कार्यक्रम कच्चा असतो. पाहुणे पाचला येणार, चॅनेलवाले लाइव्ह, निवेदक घसा फोडून ओरडतोय, अशा वेळी "आज वारा नीट नाही, उडी होणार नाही" म्हणण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि तो वापरल्यावर त्याचं काय होतं, यावरून मी त्या टीमला व्यावसायिक म्हणेन. छातीवरच्या बिल्ल्यांवरून नाही.

निवृत्त_पॅरा

आपण स्वतः किती उड्या मारल्यात, धागाकर्ते साहेब? आग्र्याच्या पीटीएसमध्ये, म्हणजे छत्रीधारी सैनिकांच्या प्रशिक्षण शाळेत, पाच उड्या झाल्यावर विंग (छातीवरचा बिल्ला) मिळतो, त्यातली एक रात्रीची. तिथल्या मालपुरा या उडीच्या मैदानावर पहिल्यांदा विमानाच्या दारात उभं राहिलं की हे ज्ञान कुठल्या कुठे जातं ते सांगतो कधीतरी.

एक गोष्ट सोयीस्करपणे विसरलात. ती तालीम होती. तालीम कशासाठी असते? चूक व्हायची तर तिथे व्हावी म्हणूनच. बचाव करणारे तयार होते, दोघं मिनिटांत बाहेर. 4 तारखेला प्रात्यक्षिक झालंच ना? यालाच व्यवस्था म्हणतात. तुम्हाला व्यवस्था दिसली नाही, फक्त गुंता दिसला.

हवाई दलाची आकाश गंगा टीम 1987 पासून उड्या मारतेय. क्रिकेटच्या मैदानापासून परेडपर्यंत कुठे कुठे उतरली असेल. त्या सगळ्याचे व्हिडिओ फिरत नाहीत, कारण काही घडलेलं नसतं.

खारा_वारा

एकही नाही. मी विमानात खिडकीची सीटसुद्धा घेत नाही. म्हणून मी खाली उभा असतो, प्रेक्षकांत, आणि माझ्या डोक्यावर काय पडणार याबद्दल मला बोलायचा हक्क आहे असं वाटतं.

मिशिगनकर

इथे अमेरिकेत लायसन्स घेऊन उडतो, म्हणून लिहितो. ड्रॉप झोनवरची (उतरायला राखलेल्या मोकळ्या मैदानावरची) उडी आणि प्रदर्शनाची उडी यांत फार फरक आहे. ड्रॉप झोनवर चुकलं तर शेजारच्या मक्याच्या शेतात उतरायचं, फार तर शेतकऱ्याच्या शिव्या खायच्या. स्टेडियममध्ये चुकलं तर पार्किंग, विजेच्या तारा, नाहीतर लोकांची डोकी. म्हणून इथल्या पॅराशूट संघटनेचं वेगळं ‘प्रो’ रेटिंग असतं. डी, म्हणजे सगळ्यांत वरचं, लायसन्स हवं, किमान 500 उड्या हव्यात आणि 40 बाय 20 फुटांच्या आखलेल्या जागेत दहा वेळा उभ्याने उतरून दाखवायचं. आधी जाहीर करायचं, मग उडायचं. चांगल्या झालेल्या तेवढ्या मोजल्या, असं चालत नाही. शिवाय गर्दीच्या जागी उतरायचं तर एफएएची, म्हणजे इथल्या सरकारी विमान वाहतूक खात्याची, लेखी परवानगी.

स्टेडियमची खरी मेख वाऱ्यात नाही, भिंतीत आहे. वर वारा सरळ असतो, स्टँडच्या कडेवरून आत आला की गोल फिरतो आणि शेवटच्या क्षणी छत्री अर्धी बसते. खालून बघणाऱ्याला वाटतं, काय हळुवार उतरतोय!

आमच्या इथल्या एका शाळेच्या फुटबॉल मॅचला हे प्रत्यक्ष पाहिलं. टीमची म्होरकी बाई खाली होती, हातात वारा मोजायचं यंत्र, कानाला रेडिओ. वर विमान घिरट्या घालतंय, बँड थांबलाय, मुख्याध्यापक माइक घेऊन उभे. तिने दोनदा आकडा बघितला आणि विमान परत पाठवलं. लोकांनी हुर्यो केली. बाईने खुर्ची उघडली आणि सँडविच खात बसली. धागाकर्ते म्हणतात तो व्यावसायिकपणा मी त्या दिवशी पाहिला.

बाकी अमेरिका म्हणजे स्वर्ग नाही हो. एप्रिल 2022 मध्ये वॉशिंग्टनच्या बेसबॉल मैदानात गोल्डन नाइट्स उतरणार होते. उड्या व्यवस्थित झाल्या. फक्त त्या विमानाबद्दल एफएएने संसदेच्या पोलिसांना कळवलंच नव्हतं. त्यांनी अख्खी कॅपिटल इमारत रिकामी केली. कागद भरणं आणि काळजी घेणं यांत एवढं अंतर असतं.

पिनटक

सुरक्षा सुरक्षा करणाऱ्यांनो, मग आपल्या स्कायडायव्हर शीतल महाजन नऊवारी नेसून उडाल्या तेव्हा सगळे "मराठी पाऊल पडते पुढे" करत नाचत होतात. फडफडणाऱ्या साडीत उडी ही सुरक्षित आणि झेंडा घेतलेला जवान तेवढा धोकादायक? आपलं माणूस असलं की नियम वेगळे.

मिशिगनकर

पिनटक, ती 2018 ची उडी थायलंडमध्ये झाली, खाली जत्रा भरली नव्हती. साडी अंगाशी नीट बांधून घेतलेली होती. आणि ज्या बाई 2004 मध्ये उत्तर ध्रुवावर पहिलीच उडी मारतात, त्यांच्याबद्दल निदान माहिती तरी काढून लिहा. स्वतःचा धोका पत्करणं वेगळं, प्रेक्षकांना धोक्यात घालणं वेगळं. धाग्याचा विषय दुसरा आहे.

पिनटक

पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर, हे तुम्ही ‘सुरक्षा’ या सदरात सांगताय? बरं.

देवबागचो

आता माझा ऐका. डिसेंबर 2023 ला नौदल दिन आमच्या तारकर्लीक झालो. पंतप्रधान इले, लढाऊ जहाजं इली, कमांडो छत्रीतून उतारले. बघूक मजा इली, खोटा कशाक बोलू! पण त्याच किनाऱ्यावर आम्ही पॅरासेलिंग करतो तेव्हा आम्ही चोर.

तेंचो गुंतो झालो की टाळये, आमचो दोर तुटलो की बंदी. खय अलिबागेत दोर तुटता आणि मालवणात आमच्या बोटी बांधून ठेवूक लागतत. परवान्याची फाईल कचेरीत पडून, सीझन निघून जाता. कर्जाचो हप्तो मात्र येळेर.

ठाण्याची_आई

देवबागचो दादा, फाईल पडून आहे ते वाईटच. पण मी काय अनुभवलं ते पण ऐका. एका किनाऱ्यावर, नाव नाही घेत, माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला पॅरासेलिंगला उभं केलं. पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा. मांडीचा हुक लावलेला दिसला, पण छातीची पट्टी नुसती आत खोचलेली, बकलात गेलेलीच नव्हती. मी ओढली तर हातात आली. त्या पोराला म्हटलं, हे काय? तो म्हणतो, "काय व्हत नाय मॅडम, रोज उडवतो." मी मुलाला खाली उतरवलं, तर पैसे परत नाहीत! वर मागच्या रांगेतला बाप्या मलाच म्हणतो, किती घाबरता हो.

2022 च्या मे महिन्यात तारकर्लीलाच बोट उलटून दोन पर्यटक गेले. जानेवारी 2025 मध्ये गोव्यात केरीच्या पठारावर पॅराग्लायडिंगला पुण्याची मुलगी आणि तिला उडवणारा पायलट, दोघंही गेले. मग आम्ही घाबरायचं नाही तर काय करायचं?

देवबागचो

बाय, छातीचो पट्टो न लावणाऱ्याक मी पयलो वल्ह्यान हाणीन. पण अशा धाजणांसाठी आम्हा सगळ्यांका कशाक बुडवतास? दर वर्षी दोर बदलणारे पण आसत. दोर उन्हान आणि खाऱ्या पाण्यान आतून कुजता, भायरसून नवो दिसता. ह्या माका कोणी पुस्तकात शिकवूक नाय. तपासूक येणाऱ्या सायबाक विचारा, दोर हातात घेवन बघतलो काय? तो कागद बघता, सही करता, सोलकढी पिवन जाता.

निवृत्त_पॅरा

धागा प्रदर्शनाच्या उड्यांचा, पोहोचला सोलकढीला. फौजेची तुलना किनाऱ्यावरच्या दोरवाल्यांशी करणाऱ्यांना माझा सलाम. आमच्यात छत्रीची प्रत्येक घडी घालणारा जबाबदार असतो. त्याची सही असते.

देवबागचो

दोरवालो?? सायबानू, तुमका पगार आणि पेन्शन आसा. आमका आसा तो दोरच. तोंड सांभाळून.

ठाण्याची_आई

सहीच तर आमच्या त्या किनाऱ्यावर पण होती, पॅरा काका. माझीच घेतली होती. "काही झाल्यास आम्ही जबाबदार नाही" या कागदावर.

तांबरमचा_कुलकर्णी

वरून कोण पडेल याची चिंता चाललीय, म्हणून चेन्नईची आठवण करून देतो. 6 ऑक्टोबर 2024, मरीना बीच, हवाई दलाचा एअर शो. लाखो लोक. आकाशात सगळं बिनचूक. जमिनीवर उन्हाने आणि गर्दीने पाच माणसं गेली. मी होतो तिथे. अकराच्या सुमाराला आमच्या पुढचा एक आजोबा खाली बसला तो उठेना. पाण्याची बाटली शोधत माझा मेहुणा गेला तो गर्दीत अडकला, अर्ध्या तासाने रिकाम्या हाताने आला. सावलीसाठी लोक होर्डिंगच्या खांबामागे रांगेत उभे होते. शो संपला आणि सगळे एकाच वेळी एकाच स्टेशनकडे निघाले, ते तर सांगवत नाही.

आकाशातल्या वैमानिकांना मिनिट-सेकंदाचं वेळापत्रक. आणि खाली भर दुपारी वाळूत बसवलेल्या माणसांना पाणी कुठून मिळणार, याचं कोणी काही ठरवलेलं दिसलं नाही.

निवृत्त_पॅरा

चेन्नईचं मान्य. पण तो दोष उडणाऱ्याचा नव्हे, आयोजनाचा.

खारा_वारा

तेच तर मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय! "उडी मारणारा कच्चा नसतो, कार्यक्रम कच्चा असतो." आपण वाचायच्या आधी उडी मारलीत.

राजकोटचा_दगड

आयोजनाचा विषय निघालाच आहे तर, त्याच 4 डिसेंबर 2023 ला मालवणात राजकोटला महाराजांचा पुतळा उभा केला. 26 ऑगस्ट 2024 ला पडला. तारीख आधी ठरते, काम मागून धावतं.

खारा_वारा

दगडोबा, त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे सुरू झालं तर दिवाळीपर्यंत संपणार नाही. तुमचं शेवटचं वाक्य मात्र ठेवून घेतो.

निवृत्त_पॅरा

धागाकर्ते, शब्दांत पकडायचा खेळ पुरे. अधिकार कोणाकडे, हे विचारत होतात ना? ऐका. आमच्यात ड्रॉप झोनवर सेफ्टी ऑफिसर असतो. तो वारा मोजतो, तो लाल म्हणाला की लाल. आत जनरल बसलेला असो. मी स्वतः पाहिलंय. मोठे पाहुणे शामियान्यात, चहा होऊन गेलेला, आम्ही विमानात हुक लावून उभे. खालून निरोप आला, ड्रॉप रद्द. विमान फिरलं, आम्ही उतरलो, ट्रकमध्ये बसून परत. कोणाची हिंमत झाली नाही बोलायची. तेव्हा आम्हाला "नाही म्हणायचा अधिकार" शिकवू नका. एप्रिल 2025 मध्ये आग्र्याला डेमो ड्रॉपच्या वेळी आमचा एक प्रशिक्षक गेला. आम्हाला किंमत माहीत आहे.

मिशिगनकर

पॅरासाहेब, त्या प्रशिक्षकासाठी मनापासून वाईट वाटलं. आणि तो सेफ्टी ऑफिसर म्हणजे आमच्या सँडविचवाल्या बाईचा सख्खा भाऊच म्हणायचा. आपण सगळे एकच बोलतोय बहुतेक, फक्त तुम्ही ओरडून.

खारा_वारा

मनापासून विचारतो, टोमणा नाही. त्या सेफ्टी ऑफिसरचं पुढे काय झालं?

निवृत्त_पॅरा

ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पिनटक

😶

देवबागचो

ठाण्याच्या बाय, तुमच्या झिलाक घेवन येवा सुट्टीत. पट्टो तुम्ही स्वता लावा, दोर तुम्ही स्वता बघा. वारो जास्त आसलो तर उडवूचंय नाय, पैसे पण घेवचंय नाय. आणि त्या पॅरावाल्या सायबाक पण घेवन येवा, दोरवालो कोणाक म्हणता ता समोर सांगूदे.

ठाण्याची_आई

येते. पण आधी तो दोर किती महिन्यांचा आहे ते सांगा.