परदेशातल्या शहरांतला ट्रॅफिक: तुमचे अनुभव सांगा

युरोप-अमेरिकेतल्या शिस्तशीर रस्त्यांबद्दल आपण सगळेच भरभरून बोलतो. पण नोकरीनिमित्त नाहीतर फिरायला बरेच जण हनोई, कैरो, नैरोबीलाही जाऊन आलेत. तिथे नवखा माणूस रस्ता कसा ओलांडतो, बस कशी पकडतो, पैसे कोणाला देतो ते मला वाचायचंय. नुसतं 'बाप रे काय गर्दी' नको, डिटेलमध्ये लिहा. सुरुवात मीच करते.

हनोईत होआन कीम तळ्याजवळच्या जुन्या भागात राहिले होते, समोरच्या फुटपाथवर जायचं म्हणजे मध्ये स्कूटरींचा न थांबणारा लोंढा. मी पुण्यात वाढलेली, दुचाक्या मला नव्या नाहीत, पण आपण गॅप दिसली की पळतो, मध्येच थांबतो, एक पाऊल मागे येतो, आणि तिथे नेमकं हेच करायचं नाही. रिसेप्शनवरच्या मुलीने बाहेर येऊन दाखवलं, सावकाश एका चालीने चालत राहायचं, कारण स्कूटरवाला तुमची चाल बघून पुढून जायचं की मागून ते ठरवतो, दचकून थांबलात की त्याचा अंदाज चुकतो. बस आली तर मात्र तिला जाऊ द्यायचं. फुटपाथवर मात्र सगळ्या स्कूटरी लावलेल्या, म्हणजे चालायचं रस्त्यावरूनच. हे मला अजिबात पटलं नाही, म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं?

*

मी कैरोत नोकरीला होते. लेनचे पट्टे आहेत पण तीन लेनमध्ये पाच गाड्या. मायक्रोबसला कडेला उभं राहून हाताने खूण करायची, कुठे जायचंय त्याप्रमाणे खुणा ठरलेल्या असतात, ऑफिसातल्या मैत्रिणींनी मला शिकवल्या. आत बसलं की पैसे पुढच्या माणसाच्या हातात द्यायचे, ते हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातात आणि सुट्टे तसेच परत येतात, कोणी मध्ये ठेवून घेतलेले मी कधी पाहिले नाहीत. मेट्रो १९८७ पासून आहे, आफ्रिकेतली पहिली, आणि मधले डबे बायकांसाठी. मुंबईच्या लेडीज डब्याची सवय असल्याने तिथे एकदम हायसं वाटलं.

*

जकार्ता. ट्रान्सजकार्ता ही तिथली बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी राखलेली लेन, २००४ ला सुरू झाली आणि आपल्या पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी २००६ ला, म्हणजे आपण काही फार मागे नव्हतो. तिथे रस्ता तुंबलेला असताना बस शेजारच्या लेनमधून निघून जाते, तिकीट ३,५०० रुपिया, शहर कितीही मोठं असलं तरी परवडतं. मोटारसायकलवाले तिथेही बसच्या लेनमध्ये घुसतातच, पण लेन टिकवली आहे. आपण का नाही टिकवली याचा मला मनापासून राग येतो.

*

नैरोबीत मटाटूशिवाय, म्हणजे तिथल्या खाजगी मिनीबसशिवाय, पान हलत नाही. अख्ख्या गाडीवर फुटबॉलपटू नाहीतर गायकांची चित्रं, आत कान फाटतील एवढं म्युझिक, कंडक्टर दाराला लटकून पत्र्यावर थाप मारतो, त्यावर ड्रायव्हर थांबतो किंवा निघतो. २००४ मध्ये केनियाचे वाहतूक मंत्री जॉन मिचुकींनी सीटबेल्ट आणि स्पीड गव्हर्नर (वेगाला मर्यादा घालणारं यंत्र) सक्तीचे केले, तिथले जुने लोक अजून त्यांचं नाव काढतात. पैसे बरेच जण एम-पेसावरून, म्हणजे मोबाईलवरून, देतात. नवीन जाणाऱ्यांनी एवढं करा, पाऊस आला किंवा संध्याकाळ झाली की भाडं वाढतं, म्हणून चढायच्या आधीच विचारा, आणि कंडक्टरलाच विचारा, स्टॉपवर ओरडून माणसं भरणारा वेगळा असतो.