ऑल-इन्क्लुझिव्ह सगळ्यांनाच परवडतं असं नाही

वर दोघातिघांनी लिहिलंय की मेक्सिकोत रिसॉर्टचं ऑल-इन्क्लुझिव्हच घ्यावं, म्हणजे माणशी रोजचा ठरावीक आकडा भरला की खाणंपिणं त्यातच, हिशोबाची कटकट नको. घरात पिणारे आणि भरपूर खाणारे असतील तर पटतं. पण आम्ही प्वेर्तो वायार्ताला गेलो तेव्हा सासूसासरे बरोबर होते. दोघंही शाकाहारी, दारूला शिवत नाहीत. त्यांच्यासाठी माणशी रोजचा तो आकडा भरणं मला पटेना. आधी रिसॉर्टला फोन करून ते सक्तीचं नाही ना याची खात्री केली, कारण काही ठिकाणी टाइमशेअरवाल्यांनाही, म्हणजे रिसॉर्टमधला वर्षातला ठरावीक मुक्काम आधीच विकत घेतलेल्यांनाही, ते घ्यावंच लागतं. मग पहिल्याच दिवशी सुपरमार्केटमधून दूध, अंडी, टोर्टिया, अवोकॅडो, पपई आणि पाण्याचा २० लिटरचा जार आणला. आमच्या युनिटमध्ये, म्हणजे रिसॉर्टमधल्या फ्लॅटमध्ये, गॅस-फ्रीज होताच, त्यामुळे नाश्ता आणि एक जेवण घरीच.

इथे कुणी न लिहिलेली गोष्ट म्हणजे टिप. मेनूतल्या दरात १६ टक्के 'इवा' म्हणजे तिथला कर धरलेलाच असतो. पण आमच्या रिसॉर्टच्या बिलात खाली बारीक अक्षरात 'सर्व्हिसिओ १५%' म्हणजे सेवाशुल्काची वेगळी ओळ होती. पहिले दोन दिवस आम्ही त्यावर पुन्हा टिप ठेवत होतो! सही करण्याआधी ती ओळ बघाच. आणि कार्डाच्या मशीनने डॉलर की पेसो विचारलं तर पेसोच निवडा, डॉलरला दर वाईट लावतात. शाकाहारींसाठी अजून एक: फ्रिहोलेस रेफ्रितोस, म्हणजे राजम्यासारख्या शेंगदाण्यांचं नव्हे तर घेवड्याच्या दाण्यांचं घोटलेलं मिश्रण, बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात. मागवताना 'सिन मान्तेका' म्हणजे 'चरबीशिवाय' असं सांगा.