सोसायटी ग्रुप : लेट्युस उगवंना गेलंय

बी-३०४ : नमस्कार मंडळी. गॅलरीत लेट्युस पेरून पंधरवडा होत आला, एक कोंब नाही. पाणी रोज घालतेय. बी खराब निघालं का? पाकीट दुकानात परत न्यावं म्हणते.

ए-१०२ : लेट्युस म्हंजे बर्गरमधलं पान ना ताई? त्याच्यापेक्षा मेथी टाका, चौथ्या दिवशी वर 😄

सी-२०१ : मेथी सगळेच टाकतात हो. आमचा पोरगा पुण्याहून आला की सँडविचमध्ये हेच मागतो. अन् परभणीच्या बाजारात आज दिसलं तर उद्या नाही.

डी-४०३ काका : ताई, दुकानदाराशी भांडू नका इतक्यात. बी किती खोल पेरलं? कुंड्या कोणत्या बाजूला?

बी-३०४ : बोटाचं एक पेर खोल असेल काका. गॅलरी पश्चिमेची.

डी-४०३ काका : मग ते कसं उगवायचं! या बियाला उगवायला उजेड लागतो. मातीवर नुसतं भुरभुरायचं, वरून चाळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जेमतेम बी झाकेल इतकंच. दुसरं म्हंजे, माती ३० अंशांच्या पुढं तापली की हे बी झोपी जातं. मरत नाही, गारव्याची वाट बघत पडून राहतं. १५ ते २० अंश त्याला मानवतं. ऑक्टोबरात पश्चिमेच्या गॅलरीतल्या कुंडीला दुपारी हात लावून बघा.

बी-३०४ : म्हणजे दिवाळीनंतरच का?

डी-४०३ काका : उत्तम तेच. घाई असंल तर बी ओल्या सुती फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ३-४ दिवस ठेवा. मग संध्याकाळी पेरा, कुंड्या पूर्वेला सावलीत न्या. पाणी फवाऱ्यानंच, धार धरली की सगळं बी वाहून एका कोपऱ्यात जमतं. डिसेंबर-जानेवारीत पारा ८-९ वर आला की आपण गोधडीत अन् लेट्युस खुशीत.

बी-३०४ : 🙏 पाकिटावर आइसबर्ग लिहिलंय, चालेल ना?

डी-४०३ काका : नको. गड्डा भरायला लांब थंडी लागते, आपल्याकडची तेवढी पुरत नाही. सुट्या पानांचं आणा. ५-६ आठवड्यांत बाहेरची पानं खुडायला येतात. मधला कोंब राखायचा, म्हंजे पुन्हा पुन्हा मिळतं.

ए-१०२ : अन् कुंड्या केवढ्या घ्यायच्या? आमच्याकडं तेलाचे डबे पडलेत.

डी-४०३ काका : डबा आडवा कापा, दोन वाफे होतील. मुळं वरवरचीच असतात, ६ इंच खोली पुष्कळ. तळाला भोकं पाडा, कापलेल्या कडा ठोकून घ्या, नाहीतर हात कापंल. नुसती काळी माती भरू नका. पाणी धरून बसते, वाळली की भेगा. कुजलेलं शेणखत अन् कोकोपीट निम्म्यानं मिसळा.

ए-१०२ : आरओचं वाया जाणारं पाणी घातलं तर? बादलीच्या बादली सांडतंय रोज.

डी-४०३ काका : त्यानं फरशी पुसा. आधीच बोअरचं पाणी जड, आरओनं फेकलेल्यात क्षार अजून वाढलेले. कुंडीच्या कडेला पांढरी खपली धरली की समजायचं. लेट्युसला ते सोसत नाही, पानांच्या कडा करपतात. नळाचं घाला.

सी-२०१ : काका, मागं बाजारातून आणलेलं कडू लागलं होतं हो.

डी-४०३ काका : ऊन लागलं असंल. फेब्रुवारी सरत आला की मधून दांडा निघतो, पान तोडलं की पांढरा चीक येतो. मग उपटायचंच, सावलीची जाळी बांधून आठ-पंधरा दिवस लांबतं, बस. करडई, सूर्यफूल अन् हे एकाच कुळातले. करडईची भाजी आपण कोवळी असतानाच खातो की.

ए-१०२ : घ्या! मग करडईच लावा ना. आपल्या कृषी विद्यापीठाचं करडईचं ‘परभणी कुसुम’ आहेच 😀

डी-४०३ काका : ते तेलासाठीचं वाण आहे ताई. पाला कोवळा खाल्ला तर कोण अडवतंय म्हणा.

सी-२०१ : लेट्युसचा घोळाणा भारी होतो. कांदा, दाण्याचं कूट, तिखट, कच्चं तेल. मीठ मात्र ताटात वाढताना, पानं लगेच पाणी सोडून लोळागोळा होतात. आमच्या सासूबाईंनी दोनदा मागून घेतला, करडईचाच समजून.

बी-३०४ : मी उद्याच सुट्या पानांचं बी आणते. कुणाला हवंय का? एका पाकिटात खूप येतं.

ए-१०२ : मला चिमूटभर. मेथीच्या शेजारी टाकते.

सचिव : सर्वांना विनंती, कुंड्या कठड्यावर नकोत, आत खाली ठेवा. आणि खाली ताटली ठेवा. मागच्या वर्षी चौथ्या मजल्याचं शेणखताचं पाणी पहिल्या मजल्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर आलं होतं.

डी-४०३ काका : चौथ्या मजल्यावर दोनच घरं आहेत, सचिवसाहेब 😅 ताटल्या आणल्यात.